भाऊंचा चुकलेला हिरो

माइक हातात आला की भाऊ आधी त्यावर फुंकर मारायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "मंडळी, काळजी करू नका. समदं सांगतो." आणि खरंच सगळं सांगायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, ही आपली किरकोळ अडचण!

एरवी हा माणूस पवनानगर ते कामशेत जीप चालवायचा. आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर पडदा लावून पिक्चर दाखवतात. तोही इंग्रजी, कारण त्यात मारामारी झकास असते. पिक्चर चालू असताना भाऊ माइकवरून मराठीत गोष्ट सांगायचे. लॅपटॉप माझा, म्हणून मी त्यांच्या शेजारी. "भाऊ, एकदा आधी बघून ठेवा," असं मी दर वर्षी सांगायचो.

"आधी बघितल्यावर मजा काय ऱ्हाती?"

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. नसेल तर तुमची जत्रा फुकट.

त्या वर्षी त्यांनी तळेगावहून लष्करी पिक्चर आणला. निदान त्यांना तसं वाटलं, कारण सीडीवरच्या चित्रात छातीभर बिल्ले लावलेला दणकट गडी होता. निघाला आफ्रिकेतल्या एका हुकूमशहावरचा, तोही खऱ्या इतिहासातला.

सुरुवातीला हा गडी लोकांत मिसळत होता, नाचत होता, पोरं कडेवर घेत होता. भाऊ खूश. "हा आपला हिरो! लय दिलदार. गरिबाचा वाली. वाजवा टाळ्या!" लोकांनी वाजवल्या. पुढच्या खुर्चीवर सरपंच बसले होते, त्यांनीही वाजवल्या. सरपंच म्हणजे भाऊंचे थोरले चुलतभाऊ. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही. भाऊ तर मान वर करूनही बघायचे नाहीत. दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा होती आणि गावाचं गायरान रिसॉर्टवाल्याला द्यायचं दादांनी परस्पर ठरवलं होतं. भाऊंच्या म्हशी तिथेच चरायच्या, अर्ध्या गावाची जनावरंही. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

तिकडे पडद्यावर हिरोनं एका मंत्र्याला भर जेवणातून उचलून नेलं. तो काही परत दिसला नाही.

"त्यो गावाला गेलाय," भाऊंनी खुलासा केला.

मग दुसरा गेला. "त्योबी गावाला गेलाय."

तिसऱ्याच्या वेळी बायकांतून एका मावशीनं विचारलं, "आरं भाऊ, समदेच गावाला गेल्यावर कारभार कोन बघनार?"

अशी हसाहस झाली म्हणता! तेवढ्यात पडद्यावर भिंतीपाशी माणसं उभी करून गोळ्या घातल्या. हसू जिथल्या तिथे थांबलं. भाऊंचा चेहरा उतरला. माइक तोंडाशी नेऊन ते म्हणाले, "मंडळी, माझी चूक झाली. हा हिरो न्हाई. मगाशी वाजवलेल्या टाळ्या माघारी घ्या."

"मंग हिरो कोन?" दादांनीच विचारलं.

"अजून आला न्हाई, दादा. ह्याला न्हाई म्हनंल त्यो हिरो. पर कुनी म्हनंनाच की!"

कोणीतरी फिसकन हसलं आणि दादांकडे बघून गप्प झालं. पिक्चर संपला तरी हिरो काही आला नाही.

सकाळी ग्रामसभेत दादा म्हणाले, "कुनाला काय बोलायचंय?" रिवाजाप्रमाणे सगळे जमिनीकडे बघायला लागले. भाऊ उठले. हातात माइक नव्हता.

"दादा, गायरान द्यायचं न्हाई."

झालं, संपलं, असं मला वाटलं. पण मागून मावशी कडाडल्या, "न्हाईच द्यायचं!" मग सगळीकडून तेच. गायरान वाचलं.

दादांनी मात्र भावाशी बोलणं टाकलं. भर उन्हात चालत जातील, पण जीपमध्ये बसणार नाहीत. भाऊ रोज गाडी हळू करायचे. "या की दादा, जागा हाय." दादा रस्त्याच्या कडेनं तसेच पुढे. मला त्या दोघांचाही राग यायचा, आणि भाऊंवर जीवही जडायचा.

गेल्या वर्षी भाऊ झोपेतच गेले. दहाव्याला नदीकाठी रिवाजाप्रमाणे भाषणं झाली. शेवटी दादा उठले. भाषण म्हणजे दादांच्या डाव्या हातचा मळ.

"आता मला न्हाई कोन म्हननार?" त्या दिवशी मात्र एवढंच बोलले, आणि तिथेच वाळूत मटकन बसले.