बायकांचा कार्यक्रम

जपानचा बेत ठरला तेव्हा आम्ही नेरूळला राहत होतो. यांची कंपनी महाप्याला, जपानी भागीदारीतली. यांना काही महिने तिकडे ट्रेनिंगला पाठवणार होते. ते संपत आलं की सासूबाई, धाकटे दीर, आमची लेक आणि मी, असे सगळे जाऊन देश बघून येणार होतो.

तिथे काय बघायचं ते मी ठरवलं होतं. यांच्या कंपनीत यंत्रांबरोबर येणारी जपानी माहितीपत्रकं वाचून द्यायचं काम मी घरी बसून करायची. त्यासाठी दादरच्या संध्याकाळच्या वर्गात भाषा शिकले आणि त्यातूनच सामुराईंच्या इतिहासाचं वेड लागलं. उत्तरेकडे ऐझू नावाच्या गावी एक किल्ला आहे. त्याला शत्रूचा वेढा पडला तेव्हा सामुराई घराण्यांतल्या बायका नागिनाता घेऊन लढायला बाहेर पडल्या होत्या. नागिनाता म्हणजे लांब दांड्याला वाकडं पातं बसवलेलं शस्त्र. मला तो किल्ला बघायचा होता. यांना आणि दिरांना त्याचं नावसुद्धा माझ्याकडूनच कळलं होतं.

एका रविवारी जेवणं झाल्यावर दिरांनी टेबलावर नकाशा पसरला. ओटा आवरून मी बाहेर येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. ऐझूला हे आणि दीर जाणार, तलवारींचं संग्रहालयही तेच बघणार. आम्ही तिघींनी टोकियोतच थांबून यांच्या तिथल्या साहेबांच्या बायकोबरोबर चहाचा समारंभ आणि फुलांची मांडणी बघायची, मग खरेदी. दिरांनी त्याला नावही दिलं होतं, बायकांचा कार्यक्रम.

"टेन्शन नको वहिनी, तुमची दगदग वाचवली," ते म्हणाले.

मी यांच्याकडे बघितलं.

"आईला पायऱ्या झेपायच्या नाहीत," हे म्हणाले. "आणि तुला फुलं आवडतात ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बायका तिथे लढून मेल्या, त्यांचा किल्ला पुरुषांनी बघायचा आणि मी फुलदाणीपुढे बसायचं! यात काही वावगं आहे हे दोघांच्या गावीही नव्हतं, याचा मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी दीर कोरा कागद घेऊन आले. ऐझूच्या एका छोट्या लॉजमध्ये दोघांची राहायची सोय करायची होती. मालकाला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा मी जपानीत लिहून द्यायचं आणि ते स्टेशनजवळून फॅक्स करणार. मी सांगितलं, दोघांसाठी एक अक्षर लिहिणार नाही, पाचजणांसाठी लगेच लिहिते. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला ताणतेस, असं हे म्हणाले. एवढीशीच आहे तर तुम्ही फुलं बघायला जा, असं मी म्हटलं. घरात अबोला झाला.

तो सासूबाईंनी मोडला. त्या साताऱ्याकडच्या, बोलायला मोजक्या. लसूण सोलता सोलता मुलांना म्हणाल्या, "मला चढवलं न्हाई तर मी खाली बसंन. पर हिनंच सांगितलेला किल्ला हिला सोडून बघायला तुमचं मन धजतंय कसं?"

चुकलं असं कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी दिरांनी कागद परत पुढे केला, पाच लिहा म्हणाले.

ऐझूला आम्ही पाचही जण गेलो. सासूबाई झाडाखालच्या बाकावर टेकल्या, बाकीचे वर चढलो. माहिती सांगायला एक वयस्कर गृहस्थ होते. प्रश्न मी विचारायची, त्यांच्या भाषेत, आणि उत्तर ते यांना द्यायचे. यांना काही कळत नसे, नुसती मान डोलवायचे. असं तीन-चारदा झालं. सातासमुद्रापलीकडे येऊनही तेच! माझे कान तापले. शेवटी यांनी शिकलेलं मोडकंतोडकं जपानी बाहेर काढलं. "मला समजत नाही. हिला सांगा."

ते गृहस्थ ओशाळले, मला वाकून नमस्कार केला आणि मग नीट बोलू लागले. त्या बायकांनी निघण्याआधी केस कापले होते. त्यांच्याच बाजूच्या सेनापतींनी त्यांना रीतसर तुकडी म्हणून मानलं नव्हतं, तरी त्या गेल्या. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. लेक माझा हात धरून ऐकत होती.

"मग गेल्या कुणाला विचारून?" दिरांनी विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

वर वारा फार गार होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या सेनापतींचा मला असा राग आला होता, जणू तेही आमच्याच टेबलाशी नकाशा पसरून बसले होते.