गावातला एकमेव आयकरदाता

मोह पडतो पहाटे. आवाज इतका हलका, की ऐकला की नुसता वाटला, हे सांगता येत नाही. मोहफुलांच्या गोडसर वासात जाग आली की अर्धं गाव अजून झोपेतच चालतंय असं वाटतं, हातात टोपली आणि डोळ्यांत कालचं स्वप्न. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मी आलापल्लीपलीकडच्या या गावातच राहिलो, त्याचं खरं कारण बहुधा हा वास. लोकांना मी सेवाभाव सांगतो.

शेजारणीच्या मोहाखाली एक मोठा फ्लेक्स अंथरलेला असतो. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकायची योजना निघाली, तेव्हाच्या समारंभाचा. तालुक्याला मांडव, हार आणि भाषणं. रकमेचा उच्चार इतक्या वेळा झाला की ती तिथंच खर्च झाली असावी असं मला वाटलं. परतताना शेजारणीनं फ्लेक्स मागून आणला. आता फुलं त्या हसऱ्या चेहऱ्यांवर पडतात, माती लागत नाही. योजनेचा एवढा लाभ तिला विनाअट मिळाला.

बाकीच्या अटी मला पाठ होत्या, कारण गावातले अर्ज मीच भरले. घरात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. आमच्याकडे चारचाकी निवडणुकीत येते आणि निकालाआधी निघून जाते. घरात आयकर भरणारा नको. या अटीला सगळे मोकळेपणानं हसले होते.

शेजारणीला पैसे सुरू झाले. तिची मुलगी गडचिरोलीला नर्सिंग शिकते, तिच्या मेसचा खर्च त्यातून निघायचा. थंडीत पैसे थांबले. मेस नाही तर मुलगी परत, एवढा साधा हिशोब होता.

मी तिच्याबरोबर तालुक्याला गेलो. कचेरीतल्या बाबूनं कम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. तिचा नवरा आयकरदाता निघाला होता.

"बाई, मी नाई म्हणत," तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. "हा म्हणून राह्यला."

झालं होतं असं. आदल्या उन्हाळ्यात ग्रामसभेनं विड्यांसाठीचा तेंदूपत्ता स्वतः विकला. ठेकेदाराला खातं हवं होतं आणि ग्रामसभेच्या खात्याचे कागद कुठंतरी अडकले होते. मग गावानं आपल्या रीतीनं वाट काढली. गावाच्या धानाची सामायिक कोठी ज्याच्या घरी असते, त्याच्याच खात्यात पैसे घ्यायचे. तो शेजारणीचा नवरा. कोठीतला दाणा कधी कमी भरल्याचं कोणाला आठवत नाही. त्यानं सगळी रक्कम काढली आणि ज्यानं जितके पुडे पानं तोडली तितकी घरोघरी वाटली. इतकी रोकड एकदम काढली म्हणून बँकेनं त्यावर कर कापला. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागलं, त्याच्याच नावानं. कर परत आला आणि तोही वाटला गेला. आयकरदात्यांच्या यादीत गेलेलं नाव मात्र परत आलं नाही. विवरणपत्र भरणाऱ्या वकिलाचा पत्ता मीच दिला होता. गावात चार बुकं वाचलेला माणूस मी एकटाच.

आम्ही परतीची बस धरली. खिडकीबाहेर सागाची पानगळ आणि सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ, दोन्ही एकाच संथपणानं खाली बसत होती. मला वाटलं, ही बस कुठंच पोचू नये.

त्या आठवड्यात ग्रामसभा बसली. नवऱ्यानं मान खाली घालून सांगितलं की कोठी आता दुसऱ्याच्या घरी हलवा. बायकांत बसलेली शेजारीण उठली.

"पत्ता साऱ्यांनी तोडला, पैसा साऱ्यांनी घेतला," ती म्हणाली. "मंग शेठाणी मी एकटीच काऊन?"

एरवी तिच्या नवऱ्याला शेठ म्हणून चिडवणारे पायाखालची माती उकरू लागले. मग गावचा म्हातारा पुजारी गोंडीत दोन वाक्यं बोलला आणि ठरलं. कोठी जिथं आहे तिथंच राहील. प्रत्येक घर आपले पुडे सांगून अंगठा देईल आणि पैसा साऱ्या गावाचा होता असा अर्ज गुरुजी, म्हणजे मी, लिहिणार. उत्तर येईस्तोवर मुलीच्या मेसला कोठीतलं धान विकायचं, आणि मोह सुरू झाला की प्रत्येकीची पहिली ओंजळ शेजारणीच्या झाडाखाली.

अर्जासोबत मी अंगठ्यांची सात पानं जोडली. उत्तर अजून नाही, पोच मिळाली आहे. ती सुबक आहे.

आता पहाटे अंगणात बसलो की धुक्यातून बायका येताना दिसतात. शेजारणीच्या फ्लेक्सवर एकेक ओंजळ सोडतात आणि पुढं जातात. हळूहळू ते हसरे चेहरे पिवळसर ढिगाखाली बुडतात. मुलगी गडचिरोलीलाच आहे.

परवा शेजारीण फुलं निवडता निवडता थांबली.

"गुरुजी, हे ओंजळीचं कमाईत कुठी लिहा लागते का?"

मी नियम नीट वाचलेला माणूस. "नाही, बाई," मी म्हणालो.