गप्प झालेला सेन्सर आणि आप्पांचं बोट

आधीच सांगते, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की माझा खडू नेम धरून जातो. या सदरातले अनुभवही मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले... आता माझाच लिहायला बसलेय, तर हसा बापडे.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. माझे वडील, म्हणजे आप्पा, उद्यमनगरात शेतीपंपाची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. हातकणंगल्यापासून शाहूवाडीपर्यंतची इंजिनं टेम्पोत बसून त्यांच्याकडे यायची. आप्पांची पद्धत ठरलेली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले आणि डावा पंजा वर. पंजा खाली येईपर्यंत शॉपमध्ये कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चौदा महिने एक शब्द नाही, नजर छताला. समज राहिलेली दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी थोरल्या भावानं त्यांना केअर सेंटरमध्ये ठेवायचं काढलं. दादा वाईट नाही हो, थकला होता बिचारा. कॉटशेजारीच उभा राहून त्यानं मला विचारलं, "आप्पास्नी काय वाटंल गं?"

"त्यांना काय कळतंय आता? ठेवूया," असं मी म्हणाले. मीच. सोमवारी न्यायचं ठरलं.

आदला रविवार, सकाळचे साडेअकरा. वहिनी स्वयंपाकघरात, मी आप्पांच्या उशाशी लॅपटॉप घेऊन. माझी पीएच.डी. चालू आहे. गुरू ग्रहाभोवती चुंबकीय क्षेत्राचं अफाट आवरण आहे आणि त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन भन्नाट वेगानं फिरत असतात. तिथून जाणाऱ्या यानावरचा सेन्सर ते मोजतो, आणि ते आकडे नेटवरून कुणालाही उतरवून घेता येतात. डोळे शिणले की मी त्या आकड्यांचा आवाज करून ऐकते. जितके कण जास्त, तितकी टकटक जास्त. बापाची सवय, दुसरं काय!

त्या दिवशी एक तुकडा नडत होता. यान आत शिरतं, टकटक वाढत वाढत ताशासारखी होते... आणि एकदम गप्प. मिनिटभर काही नाही, मग पुन्हा सुरू. सेन्सर बिघडला असणार, म्हणून तो तुकडा मी काढूनच टाकणार होते. शेवटचा एकदा लावला. टकटक थांबली, आणि आप्पांचा डावा पंजा वर गेला.

मी ओरडलेच. वहिनी धावत आली आणि दादाला दाखवायला म्हणून मोबाईलवर शूटिंग करू लागली. मी तुकडा पुन्हा लावला. पंजा वर, डोळे मिटलेले. शांतता सुरू झाली तसा पंजा खाली आला आणि त्यांचं बोट कॉटच्या लोखंडी कडेवर वाजू लागलं. टक... टक टक... मग भराभर, मध्ये जरा थांबून पुन्हा भराभर. सेन्सर गप्प होता तेवढाच वेळ. मग आप्पा बोलले. जीभ जड, पण शब्द स्वच्छ.

"उपाशी न्हाय गं ते. ज्यादा झालंय त्येला."

तेल जास्त होऊन इंजिन घुसमटलं की त्यांचं हेच वाक्य असायचं.

"आवो, आप्पा बोलले की!" वहिनी फोनवर दादाला रडत सांगत होती. दादा दहा मिनिटांत आला आणि आप्पांचे पाय धरून म्हणाला, "कुटं न्हाय नेत तुमास्नी. हितंच ऱ्हायचं." मलाही रडू आवरेना.

त्यानंतर आप्पा पुन्हा बोलले नाहीत. पण पुढचे तीन आठवडे मी त्यांना सगळं सांगितलं, कॉलेजातली भांडणंसुद्धा. मग ते गेले. आपल्याच कॉटवर, दादाच्या हातावर डोकं ठेवून.

तेरावा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. सेन्सर बिघडला नव्हता. कण एकदम फार आले की त्याला ते वेगळे मोजता येत नाहीत, आणि आकडा जवळजवळ शून्यावर येतो. हे पुस्तकात आहे, मला सुचायला हवं होतं. आप्पांना सुचलं, तेही मी समजू शकते. चाळीस वर्षांचा कान तो.

पण बोटाचं काय? त्याच यानावर जाड धातूच्या आड आणखी एक छोटा सेन्सर आहे. त्याच्यापर्यंत थोडेच कण पोचतात, म्हणून तो त्या वेळी घुसमटला नव्हता. त्याची फाइल मी तोवर कधी उघडलीच नव्हती. तिचा आवाज केला आणि वहिनीच्या व्हिडिओशेजारी लावला. दोन चढ, मधला थांबा... बोट आणि फाइल एकत्र धावत होती. आपलं चुकतंय असं वाटून अकरा वेळा लावला. "योगायोग असेल," माझे गाईड म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ पुन्हा बघायला मागवून घेतला.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि खरं तर मला ते आता नकोही आहे. मला एवढंच कळतं, की आप्पा आत होते. चौदा महिने होते. म्हणजे "त्यांना काय कळतंय आता" हे माझं वाक्यही त्यांनी ऐकलं होतं.

आणि तरी ते जे एकदाच बोलले, ते माझं काम अडलं होतं म्हणून.