करंगळी नसलेला हात

बोर्डिंगच्या शाळेतून लोमातेवा दोन गोष्टी घेऊन परतला: खोकला आणि रंगांची पेटी. तिथे घरच्या आठवणीने तो नाचाची चित्रं काढू लागला होता, ते गावी आल्यावरही सुटलं नाही. मुखवट्यांतले पावसाचे देव, कचिना, नाचून गेले की तो बहिणीच्या माळ्यावर बसे आणि एकेक पीस कागदावर उतरवी. डोंगराखालचा गोरा दुकानदार ती चित्रं घेई आणि आगगाडीने पूर्वेकडे धाडी.

त्याचा मामा होनान्या, एका हाताला करंगळी नसलेला, स्वतः नाचणाऱ्यांतला. पोरांच्या नजरेस काही पडू देऊ नकोस, एवढंच त्याने बजावलं होतं. लहान पोरांच्या लेखी मुखवट्यामागे माणूस नसतोच. बर्फाच्या डोंगरावरून पाऊस घेऊन आलेले कचिनाच ते. कळत्या वयात विधी होतो, तेव्हा वडीलधारे खरं काय ते सांगतात. त्याआधी नाही.

लोमातेवा चित्रं मक्याच्या राशीमागे लपवी. सात वर्षांच्या भाचीला, नुवासीला, ती सापडल्याचं त्याला कळलंच नाही.

उन्हाळ्यातल्या निरोपाच्या नाचात कचिना पोरींना बाहुल्या वाटत होते. एकाने नुवासीपुढे बाहुली धरली. ती घेईना. त्या हाताकडे बघत म्हणाली, "आजोबा, तुम्हीच ना? मामाच्या चित्रातही करंगळी नाही."

त्या कचिनाच्या दुसऱ्या हातातला खुळखुळा थांबला. पुन्हा वाजू लागला तेव्हा ताल गेला होता. शेजारच्या पोरांनी सगळं ऐकलं होतं.

सकाळी होनान्या आला. तो ओरडला असता तर लोमातेवाला सोसलं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, "हुबेहूब काढलास रे. दुसऱ्या कुणाचाही हात काढायचा होतास."

लोमातेवा धावत डोंगर उतरून दुकानात गेला. ते चित्र कधीच विकलं गेलं होतं. उरलेली त्याने चुलीत घातली.

होनान्या पुन्हा नाचला नाही. गुडघे दुखतात म्हणे. शेतावर मात्र पायीच जाई. पुढच्या वसंतात तो गेला.

तिसऱ्या हिवाळ्यात नुवासीचा विधी झाला. ओळखीचे काका-मामा उघड्या चेहऱ्यांनी नाचताना बघून बरोबरीच्या पोरी हुंदके देत घरी परतल्या. नुवासी लोमातेवाशेजारी येऊन बसली आणि त्याने वाढलेलं मटणाचं कालवण खाली मान घालून जेवू लागली.

"रडू आलं तर रड गं," तो म्हणाला.

"माझं तेव्हाच रडून झालं, मामा."