वहीतला निर्वंश भाऊ

माझ्या चुलतभावाला मी निर्वंश ठरवले. तो तेव्हा जिवंत होता आणि त्याचा मुलगा रांगत होता.

आम्ही तापीकाठचे राजपूत. चार-सहा वर्षांनी मारवाडातून आमच्या कुळाचा भाट येई. ओसरीवर भाऊबंद जमत. लाल कापडातली लांबट वही सोडून तो चितोडपासून एकेक पिढी म्हणत आमच्यापर्यंत येई. मग नव्या मुलग्यांची नावे विचारून लिही. वहीत नाव असले तरच सोयरीक जुळे.

त्या वर्षी वडील आजारी होते, म्हणून सांगायला मी बसलो. चुलतभावाने विधवेशी पाट लावलेला, त्यामुळे त्याला बोलावलेच नव्हते. शिवाय माझ्या बहिणीचे लग्न ठरत होते. मुलाच्या नावासोबत पाटाची गोष्ट वहीत चढली तर व्याही बिथरतील, ही भीती. भाटाने भावाच्या नावावर बोट ठेवले. "आगे कौन?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

म्हातारे खाली बघत राहिले. भाटाने टाक बुडवून लिहिले. बहिणीचे लग्न थाटात झाले.

पुढे भाऊ तापाने गेला. वहिनीने एकटीने कपाशीचे रान राखले, मुलगा वाढवला. सणाला मी तिच्या हातचे जेवत असे. दर वेळी सांगायचे ठरवून जाई आणि पानसुपारी खाऊन परत येई.

मुलगा विशीचा झाला, शहाद्याकडून सोयरीक आली. भाट तेव्हा गावातच होता. मुलीच्या मामाने वही उघडायला लावली, ऐकली आणि हसला.

"जो वहीमा जलमनाच नही, त्याले पोर कशी देवानी?"

मुलीकडची मंडळीही हसली. मुलगा उठून बाहेर निघाला. दाराआडून वहिनी पुढे आली, थेट माझ्याकडे बघत.

"भाऊ, तुम्हीच सांगा यास्ले. भाटबुवा चुकनात व्हई."

भाटाला सगळे आठवत होते. मी नुसती मान हलवली असती तरी निभावले असते. दोष त्याच्यावर गेला असता. मी पागोटे काढून हातात घेतले आणि उभा राहिलो.

"भाटबुवा चुकनात नही, वहिनी. मी खोटं बोलनू. बहीनना लगीनसाठे मी तुमना पोऱ्या पुसी टाका. माले माफ करा."