इमान कुणाशी

"कडी कशाला हवी तुम्हाला? कोण येतंय तुमच्याकडे बघायला?"

मॅनेजरसाहेब बोलले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही त्याच टेबलाशी बसले होते. खुर्चीवर. कामगार-प्रतिनिधी म्हणून.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात आम्ही बाया विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळायचो. बायांच्या संडासाला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरी दाराला पाठ लावून उभी. तेव्हा कामगारांना कारभारात वाटा देण्याची हवा होती. साहेबांनीही समिती काढली. बायांतून मला घेतलं. कोष्ट्याची पोर, उलट न बोलणारी. एवढीच माझी लायकी त्यांना दिसली.

मला वेडीला अभिमान वाटला. ठेवणीतलं लुगडं नेसून गेले आणि पहिल्याच बैठकीत कडी मागितली. हसून झाल्यावर साहेब म्हणाले, इथे उत्पादनाचं बोलायचं असतं, तुम्ही जरा चहाचं बघा. मी उठले. कप भरले. शिकलेली माणसं म्हणे ही.

मग कंपनीचा वाढदिवस आला. त्याच सकाळी माझ्या शेजारच्या मशीनवरची शकून संडासात असताना एका फिटरनं दार ढकललं. पोटुशी बाई. मशीनवर येऊन रडत होती, तर सुपरवायझर म्हणाला, हात चालू ठेव.

संध्याकाळी मांडवात मला माइकपुढे उभं केलं. कंपनी आमचं माहेर आहे, आम्ही तिच्याशी इमान राखू, असं साहेबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पुढे मालक, कोचावर. मागे सतरंजीवर माझ्या बाया.

मी म्हणाले, "साहेब म्हनतात, कंपनी माहेर हाय. माह्या माहेरी पोरगी न्हानीत गेली तं बाप आंगन सोडून जाये. इथचे बाप हसून राहिले."

साहेबांनी माइक बंद करायला लावला. हातमागांच्या खटखटीत वाढलेल्या पोरीला माइक लागत नाही. सकाळचं सगळं सांगितलं. शकून आधी उठली. मग एकेक बाई उठून मांडवाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी समितीतून काढलं, पॅकिंगला टाकलं. साहेब म्हणाले, "तुम्हाला खुर्ची दिली आम्ही. हे तुमचं इमान?"

"खुर्ची तुमची होती साहेब. इमान माहं हाय."

नोकरी सोडली नाही. का सोडू? काम चोख करते, ते माझ्या हातांचं आहे. इमान शकूनला देईन, शेजारी उभ्या बाईला देईन. मालकाला नाही. आता मागितलं तरी नाही.