आत्याच्या आल्टोचे आठ बार

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. भूतबीत, संकेतबिंकेत... व्हॉट्सॲपवर कुणी काही पाठवलं की मी त्यातल्या चुका काढत बसतो. सॉफ्टवेअरवाला आहे, अहिल्यानगरला सावेडीत घरून काम करतो. म्हणून घडलं तसंच लिहितोय, पदरचं काही नाही.

माझी रूथ आत्या चाळीस वर्षं आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गायली. मागच्या वर्षी तिला पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ओळखीची गाणी ऐकवा, कधीकधी गाण्यातून शब्द परत येतात. मग काय, आजोबांनी रचलेलं तिचं लाडकं गीत आम्ही सकाळ-संध्याकाळ लावायला लागलो. आत्या भिंतीकडे तोंड फिरवायची. मला वाटलं, संपलं सगळं.

एक दिवस कॉयरमधले विल्सनकाका भेटायला आले. आमचा हा उद्योग पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं येड्या, तिला चाल काय ऐकवतो? आल्टोवाली हाय ती! जन्मात कधी चाल गायली न्हाई तिनं. तिचा सूर खालचा. त्यो ऐकव."

खरंच की! इतके महिने आम्ही तिला दुसऱ्यांचंच गाणं ऐकवत होतो.

पण नुसत्या आल्टोचं रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. आजोबांच्या हातचा नोटेशनचा एकच कागद होता, आणि त्यातले मधले आठ बार, म्हणजे तालाचे आठ खण, वाळवीनं खाल्लेले. कॉयरमधल्या कुणालाच ते धड आठवेनात. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे – स्वर अक्षरांत टाइप करायचे, ते नोटेशनचं पान तयार करून देतं. टाइप कराल तेवढंच छापतं, स्वतःचं डोकं चालवत नाही. रविवारी दुपारी बसून सगळं टाइप केलं, खाल्लेल्या आठ बारांत विश्रांतीच्या खुणा टाकल्या आणि प्रिंट काढली.

प्रिंटमध्ये आठही बार भरलेले होते.

फाइल उघडून पाहिली. तिथे विश्रांतीच. पुन्हा प्रिंट काढली – आठ बार रिकामे. तिसऱ्यांदा – रिकामे. पहिला कागद मात्र माझ्या हातात, आठही बार भरलेला.

तोच कागद घेऊन आत्याच्या खोलीत गेलो आणि कीबोर्डवर एका बोटानं वाजवायला लागलो. आत्यानं मान वळवली. दुसऱ्या ओळीला तिचा घोगरा आवाज लागला. ते आठ बार आले आणि ती माझ्या पुढे निघून गेली – शब्दांसकट, आणि सूर कागदावर होते अगदी तसेच! मी बघतच राहिलो, बोट थांबलं. तर म्हणते कशी, "वाजव की... थांबला का?"

सात महिन्यांनी बोलली माझी आत्या. आई दारात उभी राहून रडत होती, आणि मीसुद्धा.

मित्र म्हणतात, प्रिंटरच्या मेमरीत जुनं काहीतरी असेल. अरे, पण ते बार याआधी कुणी टाइप केलेच नव्हते! खरं सांगायचं तर उत्तर शोधणं मी सोडून दिलंय.

पुढच्या रविवारी चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला देवाचे उपकार मानायचेत? कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी उभा राहिलो. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. "आत्या बोलली," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.